शेपटीच्या टोकापर्यंत

१० मार्च

छोटीस,

तुझं पत्र पोचलं. दोन वर्षांनी आलं, तेही कार्यालयाच्या पाकिटातून, वर तुझ्या हुद्द्याचा शिक्का. आत 'प्रिय ताई' दिसलं म्हणून वाचलं, नाहीतर आवक वहीत चढवून फायलीला लावणार होते.

फोन का उचलत नाहीस, असं विचारलंयस. उचलला तर तिसऱ्या वाक्याला आपलं भांडण होईल, आणि पलीकडच्या खोलीत बाबा कान लावून बसलेले असतात. कागदावर निदान तू मधे बोलत नाहीस.

आधी तुझं अभिनंदन करते, म्हणजे ते एक उरकेल. वर्तमानपत्रात तुझ्या अहवालाची बातमी आणि फोटो पाहिला. मासा छान धरलायस. डावा हात पोटाखाली, उजवा शेपटीच्या मुळाशी, आणि दोन्ही हात आधी पाण्यात ओले केलेले. हे तुला कुणी शिकवलं ते बातमीत नव्हतं. जागा कमी पडली असेल. बाबांनी कात्रण कपाटाच्या दारावर चिकटवलंय, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. सकाळी केस विंचरायला उभी राहिले की आरशात मी आणि शेजारी तू. तू जास्त बरी दिसतेस.

खोटं कशाला बोलू, पोटात दुखतं माझ्या. मुख्य अभ्यासकाच्या जागेसाठी आपण दोघींनी अर्ज केले होते. माझी या नदीवर एकोणीस वर्षं झाली होती, तुझी सहा. कानामागून आली आणि तिखट झाली, हे मी तुझ्या निरोपाच्या चहाला सगळ्यांसमोर म्हटलं, ते मला अजून चुकीचं वाटत नाही. जाताना गाडीत बसून तू डोळे पुसलेस ते मी खिडकीतून पाहिलं होतं. पाहून बरं वाटलं होतं.

इथलं काम तसंच चाललंय. हंगामाचे तीन महिने सकाळी वरच्या पट्ट्यात जाळं, टबात मासे, एकेक फळीवर ठेवून मोजायचा, खवला काढायचा, सोडून द्यायचा. तुझ्या जागी लिहायला आता नावाडीकाका बसतात. मी आकडा ओरडते, ते लिहितात. तुझ्यासारखे उलट प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे काम लवकर आटोपतं. दुपारी खालच्या पट्ट्यात काठाकाठानं फेरी. गळ टाकून बसलेल्या हौशी मंडळींना विचारायचं, किती वेळ बसलात, किती मिळाले, किती सोडलेत. दातांचे डॉक्टर अजून येतात. त्यांचा तो सुटलेला मासा गेल्या वर्षी हाताएवढा होता, यंदा मांडीएवढा झालाय. तुझ्या अहवालाला आणखी पुरावा हवा असेल तर त्यांना घेऊन जा.

आता तुझा प्रश्न. वरच्या पट्ट्यातले मासे दोन वर्षांत सरासरी पाच सेंटीमीटरांनी लांब झाले ते कसे, मोजण्यात काही बदल झालाय का, आणि वजनं का नाहीत. वजनं नाहीत कारण तराजू बंद पडलाय. नव्या तराजूच्या मागणीचे तीन कागद मुख्य कार्यालयात आहेत, बहुधा तुझ्याच टेबलावर. लांबीचं म्हणशील तर काहीही बदललेलं नाही. तीच फळी, तेच पाणी, तीच मी. मासे वाढले असं तुझे आकडे म्हणतायत ना, मग वाढले असतील. बंधाऱ्याच्या वरचा पट्टा पंधरा वर्षं गळवाल्यांना बंद होता. आता उघडावासा वाटत असेल तर उघड. ठरवायचा पगार तुला मिळतो, मला मोजायचा मिळतो.

बाबा बरे आहेत. तुझी आठवण काढतात. दिवसातून तीनदा, जेवणाआधी औषध घ्यावं तशी.

तुझी (कागदोपत्री) ताई


२ एप्रिल

छोटीस,

काल वरचा पट्टा उघडला. तुला फोनवरून इथल्या साहेबांनी कळवलंच असेल, पण त्यांनी काठ पाहिला नाही. ते तंबूत होते. मी मोजले: एकशे बारा गळ. बाबा उजाडायच्या आत तयार होऊन दारात उभे. टोपी, घडीची खुर्ची, दोन डबे, आणि खिशात तू त्यांना लिहिलेलं पत्र. मला म्हणाले, "आवर लवकर, चांगली जागा जाईल." मला काय जागा करायचीय? मी तपासणीच्या टेबलावर. पन्नास सेंटीमीटरच्या वरचा मासा घरी नेता येईल, खालचा पाण्यात सोडायचा, हा तुझा नियम. प्रत्येक जण मासा आणणार, मी फळीवर ठेवणार आणि न्यायनिवाडा करणार.

बाबा काठभर सांगत फिरत होते, "माझ्या मुलीनं उघडला हा पट्टा." एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या का?" बाबा म्हणाले, "छे छे, ही मोजते. ती धाकटी."

मी ऐकलं ते त्यांना कळलंही नाही. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण रांगेत चौदा माणसं मासे घेऊन उभी होती.

दहाच्या सुमाराला बाबांच्या गळाला मासा लागला. पंधरा वर्षांनी वरच्या पट्ट्यातला मासा. दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला. फळीवर ठेवला. "किती?" म्हणाले.

"बावन्न."

"बघ! छोटी म्हणालीच होती."

तिथं मी मासा धरून उभी होते, छोटी कुठं होती कोण जाणे. पण शाबासकी तुला.

संध्याकाळी त्यांनी तो ओट्यावर कापला. पोट गाभोळीनं गच्च भरलेलं. मी सहज म्हणून एक खवला काढून भिंगाखाली धरला. वर्षाला एक कडं, तुला सांगायला नको. चार होती. चार वर्षांची मादी म्हणजे पहिलटकरीण. अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत. पन्नाशीच्या वरचा मासा एकदा तरी घालून मोकळा झालेला असतो, असं तुझ्या अहवालात सातव्या पानावर आहे.

असो. एखादा निघतो तसा. कळवायचं म्हणून कळवलं. मी जेवले नाही, डोकं दुखत होतं.

ताई


९ एप्रिल

छोटे,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. एकटी असशील तेव्हा वाच.

आठ दिवसांत माझ्या टेबलावरून तीनशे चाळीस मासे घरी गेले. बहुतेक पन्नास ते पंचावन्नमधले. त्यातल्या साठांचे खवले मी ठेवले आणि पाहिले. एक्केचाळीस पहिलटकरणी. गाभोळी बादल्यांतून काठावर ओततायत, कावळ्यांची चंगळ आहे. हा एखादा निघालेला मासा नव्हे.

१० मार्चच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मोजण्यात बदल झाला होता. तो मी केला.

तुझा पहिला हंगाम आठव. मी मासा फळीवर ठेवला, डोकं खुंटीला टेकवलं, आणि शेपटीच्या टोकाचा आकडा सांगितला. तू पेन्सिल कानाला लावून म्हणालीस, "ताई, खाचेपर्यंत मोजायला हवं. टोकं झिजतात, तुटतात. दोन टोकांच्या मधली खाच बदलत नाही." तेरा वर्षं मी टोकापर्यंत मोजत होते आणि नाकावर माशी बसू दिली नव्हती. घरी आपण चार दिवस भांडलो. बाबा म्हणाले होते, "शेपूट माशाची नाही तर काय शेजाऱ्याची?" आयुष्यात तेवढ्या एकाच भांडणात ते माझ्या बाजूनं होते. पण तू मुख्य कार्यालयाला लिहिलंस, त्यांना ते पटलं, आणि माझे जुने आकडे सगळे खाचेवर आणले गेले. माझी तेरा वर्षं तू एका उन्हाळ्यात दुरुस्त केलीस. बरोबर केलीस, म्हणूनच जास्त लागलं.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिला मासा फळीवर आला. काकांनी पेन्सिल उचलली. मी टोकाचा आकडा ओरडले. कुणी काही म्हटलं नाही. नदीसुद्धा काही म्हणाली नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसरा मासा, तिसरा मासा, सगळे टोकापर्यंत. कागदावर रकाना नुसता 'लांबी' असा. कुठपर्यंतची, ते लिहायला जागाच नाही. तेव्हा माझ्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. माझी नदी, माझी फळी, एवढंच होतं.

मग तुझा अहवाल आला. मासे पाच सेंटीमीटरांनी वाढले! माझ्या पाच मिनिटांत लक्षात आलं. मासे जेवढे होते तेवढेच होते, वाढलेली ती नुसती शेपटी. आणि मला हसू आलं, छोटे. जिन्यात बसून हसले. एवढी हुशार, एवढी शिकलेली, आणि माझ्या शेपट्यांवर अहवाल लिहून फोटो काढून घेते.

तुला शंका आली हे तुझ्या पत्रावरून कळलं. तू सरळ विचारलंस. मी तिथं एक ओळ लिहिली असती तर संपलं असतं. लिहिली नाही. मला तू तोंडावर पडायला हवी होतीस. भर सभेत, सगळ्यांसमोर, कुणीतरी उठून म्हणावं की बाईंना मासा कुठपर्यंत असतो तेही कळत नाही. आणि बाबांनी ते ऐकावं. मग त्यांनी विचारावं, ताई, तुझं काय मत? एवढंच हवं होतं मला. वाचायला किती क्षुल्लक दिसतंय. पण त्यापायी मी मूग गिळून बसले.

यात मासे मरतील हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पन्नाशीचं गणित खाचेपर्यंतच्या पन्नाशीचं आहे, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. टोकापर्यंत पन्नास म्हणजे खाचेपर्यंत पंचेचाळीस, म्हणजे कोवळी मादी. मला ते ठाऊक होतं आणि मी ते बाजूला ठेवलं. रोज सकाळी टेबलावर बसून बाजूला ठेवत होते. सहाव्या दिवशी दातांचे डॉक्टर एक्कावन्नचा मासा घेऊन आले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे खरा मासा होता. लहान पोरासारखे उभे होते. मी म्हटलं, "न्या." त्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्या दिवसानंतर मला झोप नाही.

पट्टा बंद कर. पंधरा दिवसांनी माद्या अंडी घालायला लागतील, त्याच्या आत. दोन हंगामांच्या वह्या सोबत पाठवल्यात. प्रत्येक पानावर मी 'टोकापर्यंत' असं लिहून सही केलीय, म्हणजे तुला आकडे खाचेवर आणता येतील. कारण विचारलं तर माझं नाव सांग. मी ऐकून घ्यायला तयार आहे. तुझ्याकडूनसुद्धा.

ताई


१७ एप्रिल

छोटे,

पट्टा बंद झाला. मंगळवारी दुपारी पाटी लागली. बरं झालं, चारशे मासे गेले पण उरलेले वाचले. यासाठी तुझे आभार मानते आणि आता भांडते.

हे काय करून ठेवलंस?

'मोजमापाचा अर्थ लावण्यात माझ्याकडून चूक झाली.' माझ्याकडून! अख्ख्या निवेदनात माझं नाव नाही, वह्यांचा उल्लेख नाही, शेपटी हा शब्दसुद्धा नाही. अहवाल मागे घेतलास, सहा महिने पदावरून बाजूला झालीस, आणि मला पाठवलीस काय तर दोन ओळींची चिठ्ठी. 'ताई, तुझी निवृत्ती सात वर्षांवर आली आहे, मला अजून खूप वेळ आहे. तू गप्प राहा.'

केवढं ते औदार्य! वाचून मी चिठ्ठीचा बोळा केला आणि मग पुन्हा सरळ केली, कारण हस्ताक्षर तुझं आहे.

इथं काय झालं ते ऐक. पट्टा बंद झाल्यावर काठावर माणसं भडकली होती. हंगामाचा परवाना काढलेले, सुट्ट्या टाकून आलेले. बाबांनी वर्तमानपत्र हातात घेऊन सगळ्यांना तुझं निवेदन वाचून दाखवलं. आवाज न अडखळता. आणि लोक शांत झाले, छोटे. डॉक्टर म्हणाले, "हिंमत आहे हो तुमच्या मुलीत." बाबा म्हणाले, "चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं." त्यांची छाती अशी फुगलेली, तुझ्या नेमणुकीच्या दिवशीही फुगली नव्हती. मी शेजारी खुर्ची घडी करत उभी होते.

म्हणजे यशाचं कौतुक तुझं, चुकीचंही कौतुक तुझं. जागा घेतलीस, ठीक, लायक होतीस. फोटो घेतलास. बाबा तर तू जन्मलीस तेव्हाच घेतलेस. पण ही चूक मी केली होती. माझ्या हातानं, दोन हंगाम, रोज सकाळी, एकेक मासा धरून. तू न विचारता उचलून नेलीस, लहानपणी माझे कपडे न्यायचीस तशी. आणि नेहमीसारखी ती तुला जास्त शोभली!

रात्रभर चरफडले. आणि पहाटे ध्यानात आलं की मी काय म्हणतेय. चारशे मासे मेले आणि माझं दुखणं काय, तर त्याचं श्रेय मला मिळालं नाही. मला माझीच किळस आली. पण दुखणं गेलं नाही, म्हणून खरं ते लिहितेय.

काल सकाळी बाबांना सांगितलं. ते चहा गाळत होते.

"बाबा, ती चूक छोटीची नव्हती."

"मग कुणाची?"

"मी टोकापर्यंत मोजत होते."

"बरोबरच आहे. टोकापर्यंतच मोजतात."

"तिनं पत्र लिहून विचारलं होतं, बदल केलास का म्हणून. मी नाही म्हणून कळवलं."

त्यांनी गाळणी खाली ठेवली. "का?"

"ती पडावी म्हणून."

चहा अर्धा गाळलेला, अर्धा भांड्यात. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, जणू घरात कुणी परकं माणूस शिरलंय.

"एवढी जळत होतीस?"

"हो."

"कधीपासून?"

"आता काय सांगू? ती चालायला लागली तेव्हापासून धरा."

"मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही तिकडे बघत होतात."

त्यांनी चहा घेतला नाही. खोलीत गेले, दार लावलं. कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. गळही घेऊन गेले नाहीत. दुपारी मी ताट ठेवलं तर जेवले, आणि ताट स्वतः घासून ठेवलं. माझ्यावर रागावले तर आहेतच, पण बहुतेक स्वतःवरही. या घरात माझ्यावर कुणी इतकं रागावण्याची ही पहिलीच वेळ. आजवर मी इतकं काही केलंच नव्हतं.

मग साहेबांकडे गेले. सगळं लिहून नेलं होतं, सहीनिशी. त्यांनी वाचलं, पंख्याखाली उडू नये म्हणून वर दौत ठेवली आणि म्हणाले, "बाई, प्रकरण मिटलंय. मुख्य कार्यालयानं जबाबदारी घेतलीय. तुम्ही कशाला आ बैल मला मार करता?" मी म्हटलं, तुम्ही घेत नसाल तर हाच कागद काठावर जाऊन वाचते, बाबांनी वाचला तसा. तेव्हा त्यांनी घेतला.

शनिवारी अकरा वाजता चौकशी आहे, वरच्या मजल्यावरच्या लांब खोलीत. परवानाधारकांनाही बोलावलंय. नोकरी जाईल, किंवा फळी काढून घेऊन मला आवक वहीवर बसवतील. काकांच्या मते दुसरं. मला भीती वाटते, लपवत नाही. पाण्यात हात घातल्याशिवाय मी काय करणार ते मला माहीत नाही. मी उठून उभी राहणार आहे आणि कुठपर्यंत मोजलं, किती दिवस मोजलं, तुला काय कळवलं आणि का, हे माझ्या तोंडानं सांगणार आहे. डॉक्टर समोर बसलेले असतील. बाबाही येणार आहेत. मला म्हणाले नाहीत, पण त्यांनी इस्त्रीला शर्ट काढलाय.

साहेब म्हणाले, तू येतेयस. माझ्या बाजूनं बोलायला, पहाटेच्या गाडीनं. येऊ नकोस. नंतर ये, रविवारी ये, महिनाभर राहा. दोघी बसून आकडे खाचेवर आणू, तू सांगशील तसे. पण शनिवारी नको. तू दारातून आत आलीस की सगळी खोली तुझ्याकडे बघते, आणि बाबा तर मान वळवूनच बसतात. त्या एका तासात त्यांनी माझ्याकडे बघायला हवं.

ताई